पोत्याचं फायबर पावसात कुजत नाही का?

"काय ओ वैनी, पोत्याचं फायबर म्हणताय, पावसात कुजंल की!" कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये तागाचं पॅनेल हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हेच म्हणतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

आमच्या बोलीत फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट रसायन, मारून केलेला पत्रा. साच्याला मेण, त्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मग मॅट, रेझिन आणि रोलर. आम्ही मॅटऐवजी तागाचं कापड अंथरतो. नुसतं रेझिन चटकन तडकतं. ताण झेलतो तो आतला धागा. यात नवं काही नाही. घरातला जुना काळा बॅकेलाईटचा स्विच आठवा, त्यात लाकडाचं पीठ असायचं. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीची बॉडी तर कापसाच्या टाकाऊ तंतूंवर फिनॉलचं रेझिन घालून दाबलेली होती.

ओढून तोडायला गेलात तर काचेचा धागा तागाच्या कितीतरी पट चिवट. पण काच एका घनसेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम भरते, ताग 1.5 च्या आतच. शिवाय काचेची मॅट कापली की रात्रभर कोपरापर्यंत खाज. ताग कापताना फार तर दोन शिंका. मात्र तागाचं कापड रेझिन जास्त पितं, त्यामुळे स्वस्त कापडात वाचलेले पैसे रेझिनच्या डब्यात जातात. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पण तुमचा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो रास्त आहे.

माझ्या आजोळी अंबाडी पाण्यात कुजत घालून वाख काढायचे, त्याचे कासरे वळायचे. कासरा पावसात भिजला की फुगतो, गाठ अशी आवळते की दातानंही सुटत नाही. तागाचंही तेच. धाग्यातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ, रेझिनला पाण्याचं वावडं. मुळात दोघांचं नीट चिकटत नाही. त्यात धागा फुगला की भोवतीचं रेझिन तडकतं, वाळून आकसला की मध्ये फट राहते, आणि पुढचं पाणी त्या फटीतून आत शिरतं.

सुरुवातीला एका बाथरूमच्या दाराला आम्ही तागाचं पॅनेल दिलं. बिजागऱ्यांची भोकं सुतारानं जागेवर पाडली. गणपती यायच्या आत फोन आला. जाऊन बघते तर दार मध्ये ठणठणीत, आणि प्रत्येक भोकाची कड चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगलेली. ड्रिलनं कापलेल्या प्रत्येक धाग्याचं तोंड उघडं पडलं होतं. धागा आतून पोकळ, नळीसारखा. पाणी तिथूनच चढलं. दार आम्ही बदलून दिलं, दुसरं काय करणार?

तेव्हापासून कापड आधी 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालतो. वरचं मेण आणि थोडंफार लिग्निन, म्हणजे धाग्याला घट्ट धरणारा डिंकासारखा भाग, निघतं, धागा खरखरीत होतो, रेझिन धरतं. मग खळखळून धुवायचं, आणि वाळवायचं ओव्हनमध्येच. जुलैत दोरीवर वाळलेलं कापड हाताला कोरडं लागतं, पण पॅनेलमध्ये बुडबुडे सोडतं. आणि प्रत्येक कापलेली कड रेझिननं बंद करायची.

कोल्हापूरकर पुढे हमखास विचारतात, "मग उसाची चिपाडं का नाही?" चिपाडाचा तंतू आखूड, त्यातला गर स्पंजसारखा रेझिन शोषतो. दाबून बोर्ड छान होतो, पण ताण घ्यायला धागा लांब लागतो. आणि चिपाड फुकट कुठे आहे? कारखान्याच्या बॉयलरला आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाला ते हवंच असतं.

पर्यावरणपूरक म्हणून मिरवायचं असेल तर जरा दमानं. आमचं रेझिन पेट्रोलियमचंच. तुकडा उकिरड्यात पुरलात तर तुमच्या नातवंडांना सापडेल.

तेव्हा छत, पार्टिशन, आतलं दार यासाठी ताग घ्या. पाण्याची टाकी मागाल तर मी काचेचीच देणार. भोकं कुठे हवीत ते आधी सांगा, आम्ही पाडून, कडा बंद करून देऊ. नंतर कॅलेंडर अडकवायला खिळा ठोकलात, तर पावसाळ्यात मला फोन करू नका.