नाव नको, फोन नंबर पुरे

अमेरिकेतल्या बीएमडब्ल्यू मोटरसायकल मालकांची एक संघटना आहे, १९७२ साली सुरू झालेली. तिच्या सभासदांसाठी खिशात मावेल एवढी एक पुस्तिका निघते. 'अनॉनिमस बुक' म्हणतात तिला. आत राज्यवार, गाववार फोन नंबर. नाव कुणाचंच नाही. नंबरापुढे फक्त खुणेची अक्षरं: इथे दुरुस्तीची हत्यारं मिळतील, इथे गॅरेजमध्ये काम करता येईल, इथे अंगणात तंबू ठोकायला जागा आहे, इथे रात्रीपुरती झोपायची सोय होईल. लांबच्या प्रवासात बाइक बंद पडली की जवळच्या गावाचं पान काढायचं आणि फोन लावायचा. फोन उचलणारा तुम्हाला ओळखत नसतो, तुम्हीही त्याला ओळखत नसता.

मी ओहायोत, कोलंबसला राहते. इथे शेजाऱ्याचं दार वाजवायचं तरी आधी मेसेज टाकायची रीत आहे. अशा देशात एवढ्या माणसांनी 'अडलात तर फोन करा' असं आपणहून छापून दिलंय हे कळलं, तेव्हा मी ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली होती. बाइकवर लांब फिरणाऱ्यांच्या मैत्रीबद्दल मला जे वाटतं त्याचं मूळ तिथेच आहे. आपली ओळख होते, मग मैत्री होते, मग कधीतरी मदतीची वेळ येते, असा नेहमीचा क्रम. इथे मदत आधी देऊ केलेली असते. काय देणार तेही नेमकं सांगितलेलं असतं: पाना, पलंग, की अंगण. ओळख झाली तर ती नंतर.

एका ऑक्टोबरात मी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एकटी फिरत होते. झाडांना रंग चढलेले, रस्ते कोरडे, वळणांमागून वळणं. ग्रीन बँक गावाच्या अलीकडे मागच्या टायरमध्ये खिळा घुसला. भोक बुजवायचा रबरी प्लग लावून पाहिला, पण टायर हवा धरेना. दिवस मावळायला आला होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. ती तिथे मिळणारही नव्हती. ग्रीन बँकला १०० मीटर व्यासाची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारे अगदी क्षीण संदेश ती टिपते, आणि त्यात माणसांच्या यंत्रांचा गोंगाट मिसळू नये म्हणून १९५८ पासून भोवतालचा सुमारे १३,००० चौरस मैलांचा टापू 'नॅशनल रेडिओ क्वाएट झोन' म्हणून राखलेला आहे. दुर्बिणीच्या जवळपास तर मोबाइलचा टॉवरच नाही. कागदावर छापलेल्या नंबराची किंमत अशा ठिकाणी कळते.

थोडं पुढे एक पेट्रोल पंप होता. तिथवर बाइक हळूहळू नेली. काउंटरवरच्या बाईंनी त्यांचा लँडलाइन माझ्यापुढे सरकवला. मी तासाभराच्या अंतरावरच्या एका गावातला नंबर फिरवला. पलीकडच्या गृहस्थांनी मोजकंच विचारलं: कुठे आहात, लागलं तर नाही ना, बाइक कोणती. आणि मग, मांस चालतं का? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या बायकोचा होता. ती शेजारी उभी राहून त्यांना सुचवत होती.

ते पिकअप ट्रक घेऊन आले, मागे रॅम्प आणि बाइक बांधायचे पट्टे. बाइक चढवताना त्यांनी मला काहीही शिकवलं नाही. मला काय येतं ते आधी पाहिलं आणि उरलेलं तेवढं केलं. एकटीने फिरणाऱ्या बाईला याचं मोल किती असतं, ते सांगायला हवं. तो शनिवार होता आणि टायर सोमवारी मिळणार होता, तोवर मी त्यांच्याकडे राहिले. रविवारी त्यांनी भिंतीएवढा नकाशा काढला आणि पुढच्या वळणांवर आम्ही दुपारभर बोललो. निघताना पैशांचा विषय काढला तर दोघांनीही नकारार्थी मान हलवली. घरी पोचल्यावर फोन कर, एवढंच मागणं.

त्याच डिसेंबरात त्यांचं नाताळचं कार्ड आलं. इथे बऱ्याच घरांतून कार्डासोबत वर्षभराच्या घडामोडींचं पत्र येतं: मुलांचं शिक्षण, नवं घर, कुत्र्याचं आजारपण. बाइकवाल्यांची पत्रं थोडी वेगळी असतात. त्यांत कुठला घाट केला, कुठे पावसाने गाठलं, कोणत्या गावात कुणी मदत केली, हे येतं. माझं नाव त्यांच्या त्या वर्षीच्या पत्रात होतं. 'आमच्याकडे तीन दिवस एक पाहुणी होती, तिने आम्हाला मसाल्याचा चहा शिकवला', असं. तेव्हापासून दर डिसेंबरात आमची कार्डं जातात-येतात. त्यांची ओळख झाली म्हणून आणखी दोन घरांची झाली, आणि आता माझ्या फ्रिजवर जागा उरत नाही.

पत्रांचा हा धागा जुना आहे. १९३०च्या दशकाच्या शेवटी लिंडा ड्युजो नावाच्या एका बाइकस्वार बाईंना प्रश्न पडला की आपल्यासारख्या बाइक चालवणाऱ्या बायका आणखी कुठेकुठे आहेत? त्यांनी मोटरसायकल विक्रेत्यांना, ओळखीच्या रायडरना पत्रं पाठवायला सुरुवात केली: तुमच्या गावात कुणी बाई स्वतःची मोटरसायकल चालवते का? एकेक पत्ता जमत गेला. १९४० साली डॉट रॉबिन्सन आणि त्यांनी मिळून 'मोटर मेड्स' ही संघटना उभी केली, तेव्हा तीत ५१ जणी होत्या. ती आजही चालू आहे. संचलनात या बायका पांढरे हातमोजे घालतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या हातमोज्यांमागे कुणीतरी वर्षानुवर्षं टपालात टाकलेली पत्रं आहेत हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर फार आपुलकी वाटली.

ओहायोत बाइकचा विषय निघाला की मेरिसव्हिलचं नाव येतंच. कोलंबसपासून ते जवळच आहे. होंडाने अमेरिकेतलं उत्पादन तिथे १९७९ साली सुरू केलं, तेही मोटरसायकलींपासून. गाड्या नंतर आल्या. लांबच्या प्रवासाची राणी समजली जाणारी गोल्ड विंग १९८० पासून जवळजवळ तीन दशकं तिथेच बनत होती. त्यामुळे आमच्या भागात अशी माणसं भेटतात ज्यांनी ती बाइक आधी कारखान्यात जोडली आणि निवृत्त झाल्यावर तिच्यावरून देश पाहिला. आमच्या गटात असे एक आजोबा आहेत. कुठलीही गोल्ड विंग दिसली की ते आधी तिच्या मालकाची चौकशी करतात, मग बाइकची.

गोल्ड विंगवाल्यांचीही १९७७ साली स्थापन झालेली मोठी संघटना होती. 'मजा, सुरक्षितता आणि ज्ञान यांसाठी मित्र', अशा अर्थाचं तिचं ब्रीदवाक्य होतं. रस्त्यात अडकलेल्यांसाठी मदतीला तयार असलेल्या सभासदांची यादी तेही छापत, 'गोल्ड बुक' नावाने. २०२३ साली ही संघटना बंद झाली. सभासद वयस्क झाले, नवे पुरेसे येईनात. मला त्याचं खूप वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. यादी छापणारं कुणी नसलं की ज्याला ओळखी नाहीत असा नवा माणूस उघड्यावर पडतो. जुन्यांकडे एकमेकांचे नंबर असतातच. आमच्या भागातल्या मंडळींनी भेटणं थांबवलेलं नाही. महिन्यातून एकदा सकाळच्या नाश्त्याला सगळे जमतात आणि कुठल्याही कंपनीच्या बाइकवाल्याला तिथे खुर्ची मिळते.

नोव्हेंबर संपत आला की ओहायोत बाइक चालवणं जवळपास थांबतं. थंडी सोसता येते, गरम होणारं जॅकेट आणि हातमोजे मिळतात. अडचण मिठाची आहे. बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि ते चेन, बोल्ट, अॅल्युमिनियम सगळं खातं. मग टाकी काठोकाठ भरायची, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालायचा, बॅटरी चार्जरला जोडायची आणि वर चादर टाकायची. इथले रायडर समोरून येणाऱ्या रायडरला डावा हात खाली सोडून, दोन बोटं रस्त्याकडे करून सलाम करतात. उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या मुठीवर, असतो आणि वाहतूक उजवीकडून, त्यामुळे समोरच्याच्या बाजूला डावाच हात येतो. उन्हाळ्यात एका दिवसात असे कितीतरी सलाम होतात. हिवाळ्यात चार महिने एकही नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला ही पोकळी चांगलीच जाणवते.

म्हणून या दिवसांत फोन वाढतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या गटातली एक बाई प्रत्येकाला फोन करते आणि सरळ विचारते, 'गुरुवारी तुझ्या टेबलावर कोण कोण आहे?' कुणी एकटं असल्याचं कळलं की संध्याकाळपर्यंत त्याला कुठल्या तरी घराचा पत्ता आणि वेळ मिळालेली असते. आमंत्रणाला 'बघू' म्हणायची सोय ती ठेवत नाही. माझं इथलं पहिलं थँक्सगिव्हिंग अशाच एका घरात झालं. टेबलावर दोन विधुर, एक नर्स, एक कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी. आम्हा पाचांना जोडणारी गोष्ट एकच होती, आणि बोलायला ती रात्री उशिरापर्यंत पुरली.

ज्यांनी बाइक सोडली त्यांची यादी वेगळी असते. गुडघे गेले, नजर कमी झाली, किंवा नवरा-बायकोतलं एक गेलं आणि दुसऱ्याला मागची सीट रिकामी ठेवून चालवणं नको झालं. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चार-चार जण गाड्या घेऊन यांच्याकडे जातो. कुणाचा दरवाज्यापुढचा बर्फ काढायचा, कुणाला दिवे लावायला शिडीवर माणूस हवा असतो. एका आजींना मात्र फक्त नवऱ्याच्या बाइकचं इंजिन ऐकायचं असतं. ती बाइक त्यांनी विकलेली नाही. आमच्यातला एक जण दरवर्षी तिचं तेल, बॅटरी बघतो, गॅरेजचं दार उघडतो आणि सुरू करतो. आजी खुर्ची टाकून बसतात. मला वाटतं, आमच्या गटाने आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी कुणी ठराव केला नव्हता.

आता खेळण्यांबद्दल. अमेरिकेत 'टॉय रन' हा बाइकवाल्यांचा मोठा सोहळा असतो: प्रत्येकाने मागे एक खेळणं बांधून यायचं, सगळ्यांनी मिळून ठरलेल्या ठिकाणी जायचं आणि गरजू मुलांच्या नाताळासाठी ती खेळणी द्यायची. अनेक ठिकाणी ती 'टॉइज फॉर टॉट्स' या उपक्रमाला जातात. त्याची सुरुवात १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये झाली. मरीन कोअर या अमेरिकी लष्करी दलाच्या राखीव तुकडीतले मेजर बिल हेंड्रिक्स यांच्या पत्नी डायान यांनी कापडी बाहुली शिवली आणि ती एखाद्या गरजू मुलीपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेला द्यायला नवऱ्याला सांगितलं. अशी संस्था सापडली नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, मग तुम्हीच सुरू करा. पहिल्या वर्षी ५,००० खेळणी गोळा झाली. पुढच्याच वर्षी वॉल्ट डिस्ने यांनी उपक्रमासाठी आगगाडीचं बोधचिन्ह काढून दिलं.

पूर्वी मरीन मंडळी जुनी खेळणी दुरुस्त करून देत. १९८० पासून फक्त नवी घेतात, आणि तीही न गुंडाळलेली. रंगीत कागद न लावता भेट द्यायची हे मला आधी रुक्ष वाटलं होतं. गोदामात काम केल्यावर कारण पटलं. आत काय आहे ते दिसलं तरच वयानुसार वाटणी होते, आणि कागद लावायचं काम त्या मुलाच्या आईबापांसाठी राहतं. भेट त्यांच्या हातून जाते. हा विचार ज्याने केला त्याचं मला फार कौतुक वाटतं.

दक्षिणेकडच्या राज्यांत टॉय रन डिसेंबरात होतात. आमच्याकडे तोवर बर्फ पडलेला असू शकतो, म्हणून आम्ही सप्टेंबरच्या शेवटी निघतो. भर उन्हात गोल्ड विंगच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेलं माणसाएवढं अस्वल, कुणाच्या टँक बॅगवर फुटबॉल, कुणाच्या पाठीवर छोटी सायकल. रस्त्याकडेला लोक मुलांना घेऊन उभे असतात. अंगावर लेदर, हातभर गोंदण, अशा माणसांना मी पोरांच्या ओरडण्यावर डोळे पुसताना पाहिलंय.

पण खरं काम डिसेंबरात, गोदामात होतं. लांबलचक टेबलं, वयाप्रमाणे ढीग. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा ढीग छताला लागायला आलेला असतो, कारण दुकानात गेलं की हात बाहुली आणि मोटारगाडीकडेच जातो. तेरा-चौदाच्या मुलामुलींचं टेबल मात्र अर्धं रिकामं असतं. त्या वयाची मुलं मागत नाहीत, आणि घरात लहान भावंडं असली तर आपला वाटा सोडूनही देतात. गेल्या वर्षी आम्ही ते टेबल बघून गप्प झालो. मग नाश्त्याच्या बैठकीत ठरलं: टॉय रनला बाइकवर जे हवं ते बांधा, पण सोबत एक वस्तू मोठ्या मुलांसाठी आणाच. हेडफोन, चांगली स्केचबुकं, बास्केटबॉल, पाठीवरची सॅक. यंदा माझ्याकडे अशा वस्तूंचे दोन खोके जमले आहेत. कारखान्यातल्या आजोबांच्या पिकअपमध्ये ते शनिवारी सकाळी चढवायचे आहेत. आठला निघायचं ठरलंय, म्हणजे ते साडेसातलाच दारात असणार.