बंक बेडमधला ज्याचा त्याचा कोनाडा : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप पुण्यात धायरीला आहे. २०११ साली मी आणि माझ्या भावानं ते सुरू केलं तेव्हा किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, जे येईल ते काम घ्यायचो. सिंहगड रोडला इमारतींमागून इमारती उभ्या राहत होत्या, ताबा मिळाला की लोक फर्निचरच्या मागे लागायचे, कामाला तोटा नव्हता. बाबा भोरला सुतारकाम करायचे. रंधा कसा धरायचा ते भाऊ त्यांच्याकडून शिकला आणि गिऱ्हाइकाचं शेवटपर्यंत ऐकून कसं घ्यायचं ते मी. आज आम्ही जवळजवळ एकच काम करतो. दोन भावंडं एका बंक बेडवर झोपत असतील, तर वरच्याला आणि खालच्याला, दोघांनाही आडोशाला बसता येईल अशी स्वतःची जागा करून देतो. मुलं तिला गुहा म्हणतात, बोगी म्हणतात, ‘माझं ऑफिस’ म्हणतात. आम्ही बिलावर कोनाडा लिहितो.

टू बीएचकेतली मुलांची खोली बहुधा दहा बाय दहाची, जुन्या सोसायट्यांत त्याहूनही लहान. त्यात कपाट, अभ्यासाचं टेबल आणि बंक बेड. एक मूल सातवीत, दुसरं दुसरीत. आईबाबांना त्यांच्या खोलीचं दार लावता येतं, आजोबांना पेपर घेऊन बाल्कनीत बसता येतं. मुलाच्या वाट्याला कडी लावता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे बाथरूम. आम्ही भोरच्या जुन्या घरात वाढलो. तिथं पोटमाळा होता, जिन्याखालची अंधारी जागा होती, कणग्यांच्या मागची फट होती. रुसून बसायला, परीक्षेचे मार्क लपवायला, नुसतंच एकटं पडून राहायला या जागा आम्हाला कुणी दिल्या नव्हत्या, त्या घरातच होत्या. फ्लॅटच्या नकाशात असा एकही कोपरा सुटलेला नसतो, चौरस फुटाला भाव असल्यावर सुटणार तरी कसा? मुलाची गरज मात्र तेवढीच राहते. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

बंक बेड आम्हीही सुरुवातीपासून करायचो, इतरांसारखेच. २०१६ च्या सुमाराला आमच्याच एका बेडचा ड्रॉवर अडकतो म्हणून मी त्या घरी गेले. खालच्या धाकटीनं आजीची सुती साडी वरच्या गादीखाली खोचून खाली सोडली होती. आत बॅटरी, गोष्टीची पुस्तकं, मण्यांचा डबा आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली ‘विचारल्याशिवाय येऊ नये’ अशी पाटी. वर ताईनं उशा आणि दप्तरं रचून भिंत केली होती. दोघींनाही हवं होतं ते त्यांनी हाताला लागेल त्या वस्तूंनी उभं केलं होतं. पण साडीचं एक टोक कठड्याला गाठ मारून बांधलेलं होतं आणि तो फास नेमका धाकटीच्या मानेच्या उंचीवर येत होता. ड्रॉवर राहिला बाजूला. मी ती गाठ सोडली, आईला बोलावून दाखवली आणि तिथंच माप घ्यायला बसले.

म्हणून आमच्याकडे पहिली गोष्ट पडदा. त्याला दोरी नाही, नाडी नाही, लूप नाही. पडदा वेल्क्रोनं अडकवलेला असतो. मुलानं त्याला लोंबकळायचं म्हटलं, तर तो सरळ निघून हातात येतो. बंक बेडच्या कठड्याला ओढणी, दोरी, बेल्ट, स्किपिंगची दोरी, काहीही बांधू नका, हे मी प्रत्येक घरी बेड जोडून झाल्यावर मुलांना समोर बसवून सांगते. झोका करायचा मोह मुलांना होतोच. कापड इचलकरंजीचं सुती पॉपलिन, आधी धुऊन आटवलेलं. सिंथेटिक कापड स्वस्त पडतं आणि चकाकतंही, पण पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये त्याच्या आत मूल पाच मिनिटं बसणार नाही. पडदा वरपर्यंत नेतही नाही, वर सहा इंच मोकळे ठेवतो म्हणजे वारं खेळतं.

दुसरी गोष्ट उंचीचं गणित. स्लॅब साडेनऊ फुटांवर, म्हणजे ११४ इंच धरू. खालची गादी जमिनीपासून १५ इंचांवर आली, तिच्यावर ३८ इंच मोकळे सोडले, वरच्या फ्रेमला ३ आणि गादीला ५ इंच गेले, की वरच्या मुलाला स्लॅबपर्यंत ५३ इंच मिळतात. खालच्याला बेताचं, वरच्याला ऐसपैस. खालचं मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की मान वाकवून बसायला लागतं आणि मग ‘मला वर पाहिजे’ हे भांडण सुरू होतं. आम्ही खालच्याला ४२ इंच देतो, वरच्याला ४९ पुरतात. हे चार इंच भांडणं किती कमी करतात ते आईबाबाच नंतर फोन करून सांगतात. फॉल्स सीलिंग असेल तर त्यात सहा-आठ इंच जातात, तेव्हा पुन्हा सगळं मांडावं लागतं. आणि सीलिंग फॅन! वरच्या गादीवर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात फॅनच्या पात्याला पोचता कामा नये. बेड कोपऱ्यात सरकवून भागलं नाही, तर फॅन काढून भिंतीवरचा लावा, असं आम्ही सांगतो. तयारी नसेल, तर ते काम आम्ही घेत नाही.

कठड्याबाबत आम्ही अमेरिकेतले बंक बेडचे सक्तीचे नियम डोळ्यांसमोर ठेवतो. गादीच्या वर कठडा किमान ५ इंच असलाच पाहिजे आणि मुलाचं अंग सरकून डोकं अडकेल अशी फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नको. भिंतीकडच्या बाजूलाही कठडा हवाच. भिंत आहे की, असं म्हणून चालत नाही, कारण बेड हळूहळू भिंतीपासून सुटतो आणि त्या फटीत मूल अडकू शकतं. आमच्या फ्रेमवर आतून एक रेघ कोरलेली असते, गादी तिच्या वर जायची नाही. पुष्कळ घरांत बेड पाच इंची गादीच्या हिशेबानं होतो आणि पुढच्या दिवाळीला सेलमध्ये आठ इंची गादी येते. सगळा कठडा तिथंच फुकट जातो. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, हेही आम्ही ठासून सांगतो, मग धाकटं कितीही रडो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाबद्दल. खालच्या कोनाड्याची डोक्याकडची बाजू आम्ही प्लायनं बंद करत नाही. तिथं वेताची जाळी बसवतो, जुन्या खुर्च्यांना असायची तीच. हवा येते-जाते, दुपारचा उजेड गाळून आत पडतो, आणि आत दिवा नसेल तर बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला मात्र खोली दिसते. दिवा लावल्यावरचा प्रश्न सोडवायला आतून एक छोटा पडदा असतो. जाळी बसवण्याआधी पाण्यात भिजत घालायची. मऊ झाली की सागवानी चौकटीच्या खाचेत दाबायची आणि वरून फेविकॉल लावून वेताचीच बारीक पट्टी ठोकत न्यायची. ओली असताना ती थोडी सैल दिसते, नवीन पोरगं ती ओढून ताणायला जातं आणि आमचे मिस्त्री त्याचा हात धरतात. रात्रभरात वाळताना ती आपोआप आवळत जाते. सकाळी टिचकी मारली की डफासारखी वाजते. वर्कशॉपमध्ये आल्यावर मी आधी ती टिचकी मारते आणि मग चहा घेते.

बाकीचं लाकूडकाम तसं सरळ आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान, आडव्या फळ्यांना आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या दर्जाचा प्लाय, कडा गोल करून एज बँडिंग, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी. खिळे मारत नाही, सगळीकडे नट-बोल्ट, म्हणजे घर बदललं तरी बेड सुटा करून नेता येतो. आत २३० व्होल्टचा प्लग देत नाही. १२ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी असते, तिचा ॲडॅप्टर कोनाड्याच्या बाहेर. चार्जिंग पॉइंटही आत नाही, त्यामुळे मोबाईल घेऊन मूल तासन् तास आत बसत नाही. हे आईबाबांना पटतं. मुलांना पटत नाही, तरी आम्ही बदलत नाही.

शिडी कुठे लावायची यावर आम्ही बराच विचार करतो. वरचं मूल चढताना त्याचे पाय खालच्याच्या तोंडासमोरून जात असतील, तर खालच्याचा कोनाडा कोनाडा राहत नाही, जाण्यायेण्याचा रस्ता होतो. म्हणून शिडी पायांकडच्या टोकाला आणि खालचं प्रवेशद्वार डोक्याकडच्या टोकाला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या की एकमेकांच्या हद्दीत घुसायचं कारणच उरत नाही. वरच्याला पूर्ण पडदा लावत नाही, तिथं उष्णता साठते. खोलीकडच्या बाजूला कठड्याच्या वर पुस्तकांचं आडवं शेल्फ येतं, आडोसाही होतो आणि हाताशी पुस्तकंही. दोघांनाही एकेक सरकत्या झाकणाचा खण मिळतो. दोन्ही खण आकारानं सारखेच, एक इंचही कमी-जास्त नाही. मुलं टेप लावून बघतात.

मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि वर्कशॉप बंद पडलं. कारागीर गावाकडे निघून गेले. जूननंतर शाळा ऑनलाइन सुरू झाल्या तसे फोन यायला लागले. एकाच खोलीत दोन शाळा भरत होत्या, ताईच्या गणिताच्या तासात भाऊ मोठमोठ्यानं कविता म्हणत होता. सोसायट्या बाहेरच्या सुतारांना आत सोडत नव्हत्या. तेव्हा भावानं कोनाड्याची रबरवुडची सुटी चौकट तयार केली. घरात आहे त्याच बंक बेडला ती क्लॅम्पनं बसते, भिंतीला भोक पाडावं लागत नाही, आणि ॲलन की घेऊन आईबाबाच ती जोडू शकतात. ती अडचणीपोटी केली होती, पण आज आमचं निम्मं काम तिचंच आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कुटुंबं ती घेतात, कारण घरमालक भिंतीला ड्रिल लावू देत नाही. मुंबईहूनही मागणी येते. तिथल्या खोल्या आपल्यापेक्षा लहान आणि प्रत्येक इंचाला किंमत.

पडदे आमच्या गल्लीतल्या बायका शिवतात. सुरुवातीला माझी वहिनी एकटीच शिवायची.

दोन मागण्यांना आम्ही ठाम नाही म्हणतो. एक, आतून कडी. मूल आत आजारी पडलं, घाबरलं, तर मोठ्यांना एका हातानं पडदा सरकवता आला पाहिजे. दुसरी, कॅमेरा. मधल्या काळात ही मागणी वाढली आहे आणि ती करणारे आईबाबा वाईट नसतात, त्यांना काळजी असते. मी त्यांच्याशी शांतपणे बोलते. कोनाड्याच्या चौकटीला बाहेरून एक लाकडी ठोकळा दोन खुंट्यांवर बसवलेला असतो, तो वाजवायचा, आतून ‘या’ आलं की पडदा सरकवायचा. आई, बाबा, आजी, ताई, सगळ्यांनी. आपल्या जागेत कोण कधी येणार हे मुलाच्या हातात असलं, की ते मूल स्वतःच पडदा उघडून बाहेर येतं आणि बोलतं. कॅमेरा लावला तर ती जागा त्याची राहतच नाही, मग एवढा खर्च कशाला करायचा? एका आजोबांनी विचारलं होतं, नातवाच्या पडद्याबाहेर मी टकटक करायची? मी हो म्हटलं. त्यांनी केली, आणि आतून ‘या आजोबा’ आलं तेव्हा ते जे हसले, ते मी विसरलेले नाही.

काम द्यायचं असेल, तर यायच्या आधी जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची, फॅनच्या पात्याचं भिंतीपासूनचं अंतर आणि सध्याच्या गादीची जाडी मोजून आणा. फोटोवरून आम्ही किंमत सांगत नाही. मुलांना दोघांनाही सोबत घेऊन या. वर्कशॉपच्या जमिनीवर आम्ही खडूनं दोन्ही कोनाडे खऱ्या मापात आखतो, मुलं त्यात बसतात, आडवी होतात, कुणाचं डोकं कुठे आणि पुस्तकं कुठे ते तीच ठरवतात. शनिवारी दुपारी मशीन बंद असतात, मुलांना आणायला तीच वेळ बरी.