आईचा नंबर इटलीचा झाला तेव्हा

मे २०२३ मध्ये आई आणि मी मुंबईहून मिलानला गेलो. तीन दिवस मिलान, एक दिवस कोमोचं सरोवर आणि मग रेल्वेने झुरिक, कारण धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. व्हिसा, विमा, आईच्या गोळ्यांची चिठ्ठी, तिखटामिठाच्या पुऱ्या, सगळ्याची तयारी दोन महिने चालली होती. फोनचा विषय मात्र ‘तिकडे गेल्यावर सिम घेऊ’ एवढ्यावर मिटवला होता. पुढे सगळ्यात जास्त धावपळ त्याच विषयाने करायला लावली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट मी नाशिकहून निघतानाच केली होती. माझ्या भारतीय नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतलं होतं आणि फोनमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवलं होतं. माझ्या कंपनीकडे रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट आहे, त्यामुळे बँकेचा ओटीपी तेवढा येत राहणार. इंटरनेटसाठी दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम घालायचं. कार्डावरचे परदेशी व्यवहारही बँकेच्या ॲपमधून चालू केले होते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात आणि आपल्याला उघडावे लागतात. आईच्या नंबरचं रोमिंग मात्र केलं नाही. तिला कशाला ओटीपी लागतोय, असं वाटलं. माझ्या सिमवरून हॉटस्पॉट देईन की तिला.

मिलानच्या मुख्य स्टेशनजवळ मोबाइलचं एक छोटं दुकान सापडलं. दुकानदार बांगलादेशी, हिंदी छान बोलणारा. पासपोर्ट दिला तर म्हणाला, ‘कोदिचे फिस्काले?’ मी गप्प. तो म्हणाला, काळजी करू नका, मी काढतो. हा इटलीतला करखात्याचा सोळा अक्षरी क्रमांक. सिम घेताना तो लागतो, आणि पाहुण्याकडे नसेल तर दुकानदार पासपोर्टवरून संगणकावर मांडून घेतो. माझा नंबर चालू व्हायला दोन तास लागले. तोवर आम्ही हॉटेलवर जाऊन आंघोळी उरकल्या.

हॉटस्पॉटची माझी योजना त्याच दुपारी कोलमडली. दुओमोच्या, म्हणजे मिलानच्या मोठ्या चर्चच्या, चौकात प्रचंड गर्दी होती. मी तिकिटाच्या रांगेत, आई कबुतरांचे फोटो काढतेय, आणि पुढच्या क्षणी ती दिसेना. माझ्या फोनपासून दहा-पंधरा पावलं लांब गेली की तिचा फोन म्हणजे नुसता कॅमेरा. चाळीस मिनिटं मी त्या चौकात फिरत होते. शेवटी ती घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्यापाशी बसलेली दिसली. ती शांत होती. ‘तू इथूनच परत जाशील हे मला माहीत होतं,’ म्हणाली. माझे हात मात्र थरथरत होते. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला परदेशात स्वतःच्या चालत्या नंबराशिवाय फिरवायचं नाही, हे मी त्या पुतळ्याखाली ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दुकानात. या वेळी मी संगणकाच्या पडद्याकडे नीट बघत उभी राहिले. आडनावातली तीन व्यंजनं, नावातली तीन, मग जन्मवर्षाचे दोन आकडे, ५५. महिन्याला एक अक्षर असतं, जूनचं एच. त्यापुढे तारीख. आईचा जन्म ३ तारखेचा, पण पडद्यावर उमटलं ४३. मी म्हटलं, भाऊ, तारीख चुकलीय. तो म्हणाला, नाही दीदी, बाईमाणूस असेल तर तारखेत चाळीस मिळवतात. पुरुषाची ०३, बाईची ४३. त्यापुढे जन्मस्थान. परदेशात जन्मलेल्याला देशाचा क्रमांक मिळतो आणि भारताचा झेड २२२. शेवटचं अक्षर पडताळणीचं. आईला हे इतकं आवडलं की तिने ते सोळा अक्षरांचं कोडं वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून आहे.

सिम घालायची वेळ आली तेव्हा दुकानदाराची पिन सापडेना. आईने बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढून दिली. एक जपायला हवं, फोनच्या कडेला दोन बारीक भोकं असू शकतात. एक सिमच्या ट्रेचं आणि दुसरं मायक्रोफोनचं. ट्रेची चौकट कुठे आहे ते बघून मगच टोचायचं. ट्रे बाहेर आला आणि आईच्या फोनचं खरं रूप कळलं. दुसरी खाच दुहेरी कामाची होती, म्हणजे एक तर दुसरं सिम बसवा, नाही तर मेमरी कार्ड. तिथे मेमरी कार्ड बसलं होतं, आणि त्यात आईचे सहा वर्षांचे फोटो. ‘ते काढू नकोस,’ आई म्हणाली. मग दुकानदाराने भारतीय सिम काढलं, सेलोटेपने इटालियन सिमच्या पुठ्ठ्याला चिकटवलं आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये टाकला. त्यात काय नुकसान आहे हे त्या वेळी मला दिसलं नाही.

नेटवर्कच्या काड्या पूर्ण दिसत होत्या, पण इंटरनेट नव्हतं. तो एपीएनचा, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या सेटिंगचा घोळ निघाला. माझ्या फोनने ते आपोआप ओळखलं होतं, आईच्या जुन्या फोनने नाही. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन दुकानदाराने कंपनीचं एपीएन हाताने भरलं, फोन बंद करून चालू केला, आणि आलं. स्वतः सिम घालणार असाल तर पाकिटावर किंवा माहितीपत्रकात एपीएन लिहिलेलं असतं, ते कागद फेकू नका.

संध्याकाळी हॉटेलवर आईने व्हॉट्सॲप उघडलं. ॲपने विचारलं, तुमचा नंबर बदललाय का? आईने खरं ते सांगितलं. बदललाय की, आजच सकाळी. हो, हो, पुढे, पुढे. नव्या नंबरवर कोड आला, तो तिने स्वतः भरला, आणि मला न विचारता जमलं म्हणून खूश झाली. मला कळलं ते रात्री, बाबा फोन उचलेनात तेव्हा.

बाबा गुडघ्यांमुळे आले नव्हते, नाशिकला घरीच होते. त्यांच्या फोनवर +३९ ने सुरू होणारा अनोळखी नंबर दिसत होता. त्या महिन्यात परदेशी नंबरांवरून येणाऱ्या फसव्या व्हॉट्सॲप कॉलबद्दल टीव्हीवर आणि पेपरात रोज इशारे येत होते. बाबांनी नंबर ब्लॉक केला. त्यांनी योग्यच केलं. पण आईला त्या रात्री झोप लागली नाही, कारण पंचेचाळीस वर्षांत संध्याकाळी दोघं बोलली नाहीत असं फारसं घडलेलं नाही. मी माझ्या व्हॉट्सॲपवरून बाबांना फोन केला आणि माझा नंबर जुनाच असल्यामुळे त्यांनी लगेच उचलला.

नवं सिम घातलं म्हणून व्हॉट्सॲपचा नंबर बदलावा लागत नाही. नंबर आहे तोच ठेवा असं सांगायचं, इंटरनेट कुठल्या सिमचं आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या फोनवर तेच केलं होतं, आईला सांगायचं राहिलं. आणि हे नुसतं गैरसोयीचं नव्हतं. तात्पुरतं घेतलेलं सिम काही महिन्यांनी बंद पडतं आणि तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. आईचं खातं त्या नंबरावर राहिलं तर एक दिवस कुणी तरी भलताच माणूस त्या नंबराने नोंदणी करेल. झुरिक सोडायच्या आत हे निस्तरायला हवं होतं.

मध्ये कोमो. तिथे दोरीच्या रेल्वेने वर ब्रुनातेला गेलो आणि माझ्या फोनवर संदेश आला, स्वित्झर्लंडमध्ये स्वागत. आम्ही तर इटलीत उभ्या. हद्द इतकी जवळ आहे की फोनने पलीकडचा टॉवर पकडला होता. मी संदेश पुसून टाकला. तो नीट वाचायला हवा होता, खाली दर लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मिलानहून झुरिकची गाडी. कोमो, मग हद्दीवरचं कियासो. कियासोला सीमा पोलीस डब्यातून फिरले, पासपोर्ट पाहिले. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग आकाराशिवाय चालतं, एवढं मला माहीत होतं, आणि त्या भरवशावर इटालियन सिमचं डेटा रोमिंग मी चालू ठेवलं होतं. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा तिथेही चालतो म्हणून सिमही चालेल, हा हिशेब माझ्या डोक्यात कुठून आला कोण जाणे. फोन नव्या टॉवरवर गेला, पाठीमागे कोमोचे फोटो आपोआप गूगलवर चढायला लागले, आणि लुगानो यायच्या आत शिल्लक पाच युरो शून्यावर. आईच्या सिममध्ये पॅकपलीकडे पैसेच नव्हते, म्हणून तिचं काही गेलं नाही, नुसतं बंद पडलं. पुढे ५७ किलोमीटरचा गोठार्ड बोगदा आला आणि फोनकडे बघायचं कारणही उरलं नाही.

भावाने आधीच सांगून ठेवलं होतं, ‘ताई, काहीही झालं तरी स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाखाली थांबा.’ झुरिकला सगळे तिथेच भेटतात. तरी मी स्टेशनच्या मोफत वायफायला जोडून बघितलं. त्याने मोबाइल नंबर मागितला, त्यावर कोड पाठवला, आणि तो माझ्या भारतीय सिमवर आला. खिशात इटालियन सिम मेलेलं, आणि नाशिकचा नंबर काम करत होता. भाऊ दहा मिनिटांत आलाच.

आता आईचं व्हॉट्सॲप. पर्समधला पुठ्ठा काढला, सेलोटेप सोडवली, भारतीय सिम परत आईच्या फोनमध्ये. ‘सेवा नाही.’ रोमिंग चालू नव्हतं ना. कंपनीच्या ॲपवरून चालू करायला गेले तर ॲपने ओटीपी पाठवला, त्याच नंबरवर. तो येणार कसा? रोमिंग चालू करायला ओटीपी हवा आणि ओटीपी यायला रोमिंग. भावाने ग्राहक सेवेला फोन लावला, बराच वेळ संगीत ऐकलं, आणि शेवटी उत्तर मिळालं की ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांनी दुकानात यावं.

ज्यांच्या नावावर सिम आहे! आईचं सिम बाबांच्या नावावर होतं. २००९ मध्ये घेतलं तेव्हा कागदपत्रं बाबांची दिली होती. एरवी मला हे खटकतं. आईचा नंबर आईच्या नावावर असावा आणि आता तो करून घेतलाय. पण त्या दिवशी तेच आमच्या कामी आलं.

झुरिक उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. नाशिकला दहाला दुकान उघडतं तेव्हा आमचे साडेसहा. आम्ही तिघं चहा घेऊन बसलो होतो. बाबा गुडघ्याला पट्टा बांधून, आधार कार्ड घेऊन, रिक्षाने कॉलेज रोडवरच्या दुकानात गेले. तिथून त्यांनी मला फोन केला आणि मी फोनवरून काउंटरवरच्या मुलीला सगळं समजावलं. नुसतं रोमिंग हवंय, मोठं पॅक नको. तिने व्यवस्थित ऐकून घेतलं. पाऊण तासाने बाबांचा निरोप आला, ‘झालं म्हणतात.’

आईचा फोन बंद करून चालू केला. तरी सेवा नाही. भावाने सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडायचं बंद केलं, यादी मागवली, तीन स्विस कंपन्या दिसल्या. पहिलीने नाकारलं. दुसरीने घेतलं. एका मिनिटात आईच्या फोनवर चार दिवसांचे एसएमएस धडाधड उतरले, वीजबिल, गॅस बुकिंग, बँकेच्या शुभेच्छा.

व्हॉट्सॲपमध्ये खात्यात जाऊन ‘नंबर बदला’. जुना नंबर +३९ वाला, नवा +९१ वाला. कोड आला. तो आईनेच भरला, चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. मग सिमचा ट्रे पुन्हा उघडून मेमरी कार्ड काढलं, तिच्या गोळ्यांच्या डबीत ठेवलं आणि त्या खाचेत भावाने आणलेलं स्विस सिम घातलं. या वेळी ॲपने विचारलं तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच ‘नाही’ दाबलं.

बाबा रिक्षात होते तेव्हाच त्यांचा फोन आला. आईच्या पडद्यावर त्यांचं नाव उमटलं, त्यांच्या पडद्यावर तिचं. ‘गुडघा कसा आहे?’ आईने विचारलं.