तुम्ही विचारलेत म्हणून: माझा युरोपा संग्रह १९७३ मध्ये का संपतो

तिकिटे जमवणारी मंडळी मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारत आली आहेत की तो अर्धा झाला की मी बाकीचा अर्धा स्वतःच पूर्ण करतो. युरोपातले देश मिळून काढतात ती ‘युरोपा’ तिकिटांची मालिका १९५६ पासून आजतागायत दरवर्षी निघते आहे, तर तुमचा संग्रह १९७३ पाशीच का थांबतो? पैसे संपले, उत्साह संपला, की पुढचे संच मिळाले नाहीत? यांतले एकही कारण खरे नाही, आणि पैशाचे तर मुळीच नाही. १९७४ नंतरचे बहुतेक संच पाकिटात भरून किरकोळ भावाने मिळतात. खिशाला चटका बसतो तो लक्झेंबर्गच्या १९५६ च्या तीन तिकिटांनी किंवा स्पॅनिश अँडोराच्या १९७२ च्या तिकिटाने. महाग भाग पदरी असलेला माणूस स्वस्त भाग परवडत नाही म्हणून सोडील, असे विचारणाऱ्याला कसे वाटते, हे मला आजवर उमगलेले नाही.

खरे कारण सांगायचे तर सुरुवात १५ सप्टेंबर १९५६ या दिवसापासून करावी लागेल. त्या दिवशी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या सहा देशांनी मिळून तेरा तिकिटे काढली. लक्झेंबर्गची तीन आणि बाकीच्यांची दोन-दोन असली, तरी सर्वांवर चित्र एकच होते: एकावर एक रचलेल्या अक्षरांचा ‘युरोपा’ नावाचा मनोरा आणि त्याच्याभोवती बांधलेली परांची. ते चित्र दानिएल गोंझाग यांचे. हे सहा देश म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा पूर्वज असलेल्या कोळसा आणि पोलाद समुदायाचे सदस्य. त्यांची सामायिक बाजारपेठ उभारणारा रोमचा करार व्हायला अजून सहा महिने होते, आणि सामायिक सैन्याची, म्हणजे युरोपीय संरक्षण समुदायाची योजना फ्रान्सच्या संसदेने १९५४ च्या ऑगस्टमध्ये गुंडाळून ठेवली होती. म्हणजे हे तिकीट कोणत्याही पूर्ण झालेल्या कामाचा गौरव करत नव्हते. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झालेली असताना फ्रेंच टपाल खाते आणि जर्मन टपाल खाते एकाच दिवशी एकच चित्र छापत होते, आणि त्या चित्रात परांची उतरवलेली नव्हती, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

तिकिटावर कोणाचे चित्र छापायचे हे ठरवणे हा राज्यसत्तेचा फार जुना आणि फार जपलेला हक्क आहे. राजाचे डोके, राजमुद्रा, स्वातंत्र्यवीर, राष्ट्रीय फूल यांची निवड ज्याची त्याने करायची असते. सहा सरकारांनी वर्षातून एकदा, काही पैशांच्या तिकिटापुरता का होईना, तो हक्क बाजूला ठेवला. मी जमवतो ते या हक्कत्यागाचे पुरावे. चित्रे सुंदर आहेत असे मी कधीही म्हटलेले नाही. खरे तर काही चित्रे इतकी कोरडी आहेत की ती टपाल खात्याच्या बैठकीतच जन्मली असावीत अशी शंका येते.

१९५९ च्या जूनमध्ये माँट्रो येथे एकोणीस देशांच्या टपाल आणि दूरसंचार खात्यांची परिषद स्थापन झाली आणि मालिका तिच्या हाती गेली. १९६० च्या चित्रात एकोणीस आऱ्यांचे चाक आले, १९६१ मध्ये एकोणीस कबुतरांचे मिळून एक कबुतर झाले, १९६२ च्या झाडाला एकोणीस पाने फुटली, आणि सदस्य वाढल्यावर १९६४ चे फूल बावीस पाकळ्यांचे झाले. हिशेब इतका चोख की हसू यावे. पण तीच चित्रे वेगवेगळ्या देशांची शेजारी शेजारी लावून पाहिली की करमणूक थांबते. ब्रिटनला चाकाशेजारी राणीचे डोके ठेवल्यावाचून राहवत नाही. चाकाच्या एकोणीस आऱ्यांपैकी एक हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनचा आहे आणि एक हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालचा. याच पोर्तुगालचे खाते १९६० मध्ये गोव्यासाठी वेगळी वसाहती तिकिटेही काढत होते, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायची गरज नसावी. १९६८ चे चित्र किल्लीचे. ती किल्ली ग्रीसनेही छापली, आणि तेव्हा अथेन्समध्ये लष्करी कर्नलांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी ग्रीसला ‘युरोप परिषद’ या (टपाल परिषदेहून वेगळ्या) मानवी हक्कांच्या संघटनेतून बाहेर पडावे लागले. माझ्या पानावर ग्रीसची किल्ली स्वित्झर्लंडच्या किल्लीशेजारी आहे, आणि त्याखाली मी एक अक्षरही लिहिलेले नाही.

१९७४ पासून हे संपले. परिषदेने समान चित्राऐवजी समान विषय ठरवायला सुरुवात केली. पहिले वर्ष शिल्पकलेचे, म्हणून फ्रान्सने रोदँ आणि मायोल यांची शिल्पे छापली. मग चित्रकला, हस्तकला, निसर्गदृश्ये, वास्तू, थोर व्यक्ती, लोककला असे विषय येत गेले. तिकिटे देखणी झाली, यात वाद नाही. पण प्रत्येक देश पुन्हा आपापला शिल्पकार, आपापला डोंगर आणि आपापला किल्ला घेऊन उभा राहिला, आणि ‘युरोपा’ हा शब्द कोपऱ्यातल्या शिक्क्याइतका उरला. १९९२ चा विषय तर अमेरिकेच्या शोधाची पाचशे वर्षे हा होता. ज्यांचा शोध लागला त्यांना या वर्धापनदिनाबद्दल काय वाटते, हा प्रश्न त्या यादीत बसणारा नव्हता.

माझे उत्तर एवढेच असते, तर मी ते केव्हाच छापून वाटले असते. ते तसे का राहिले नाही, हे सांगण्यासाठी एका प्रदर्शनातला प्रसंग सांगावा लागेल.

संग्रहांची पाने लावलेल्या चौकटी उभ्या राहिल्या होत्या, गुण देऊन झाले होते, आणि प्रथेप्रमाणे परीक्षक आपल्या चौकटीपाशी येतील म्हणून प्रत्येक जण उभा होता. माझ्याकडे आलेले परीक्षक वयाने आणि अभ्यासाने माझ्याहून मोठे होते; मी त्यांना सर म्हणत असे आणि आजही म्हणेन. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग पुन्हा पहिल्या ओळीतल्या एका पानावर बोट ठेवले. ते पान १९५७ चे होते.

“तुमचा मुद्दा समान चित्राचा आहे ना?” त्यांनी विचारले.

“हो सर.”

“मग या वर्षी समान चित्र कुठे आहे?”

तसे ते नव्हतेच. १९५७ मध्ये देशांचे एका चित्रावर एकमत टिकले नाही. जर्मनीने झाड काढले, फ्रान्सने शेती आणि उद्योग दाखवले, स्वित्झर्लंडने आपले निराळेच काही केले. म्हणजे १९७४ मध्ये जे घडले म्हणून मी पुढची पन्नास वर्षे नाकारत होतो, तेच मालिकेच्या दुसऱ्याच वर्षी घडून गेले होते, आणि ते पान मी पहिल्या ओळीत अभिमानाने लावले होते.

मी सारलँडबद्दल बोलू लागलो, कारण त्या पानाचा जीव सारलँडच्या तिकिटांत आहे. जर्मनी-फ्रान्स सीमेवरचा, कोळशाच्या खाणींचा हा प्रदेश युद्धानंतर फ्रान्सच्या ताब्यात होता. त्याला ‘युरोपीय’ दर्जा द्यावा असे फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या दोन्ही सरकारांनी ठरवले, आणि २३ ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात तिथल्या दोन तृतीयांश मतदारांनी तो दर्जा झिडकारला. १ जानेवारी १९५७ रोजी प्रदेश पश्चिम जर्मनीत गेला, पण चलन १९५९ च्या जुलैपर्यंत फ्रेंच फ्रँकच राहिले. म्हणून १९५७ च्या या तिकिटांवर नाव जर्मन टपाल खात्याचे, किंमत फ्रँकमध्ये आणि शब्द ‘युरोपा’ असे तिन्ही एकत्र आहेत, आणि ज्यांच्या नावाने ती निघाली त्या लोकांनी दोनच वर्षांपूर्वी युरोपीय व्हायला नकार दिलेला होता. मी हे सगळे सांगितले. थोडे जास्तच सांगितले असावे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “हे उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण हा समान चित्राचा मुद्दा नाही. हा वेगळा मुद्दा आहे. हे पान काढा, नाही तर १९७४ चे पान घाला.” आणि ते पुढच्या चौकटीकडे गेले, जिथे त्यांनी अगदी सविस्तर, हसतखेळत चर्चा केली. मला कांस्यपदक मिळाले. पदकाचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पण जास्त बोचले ते हे की त्या संपूर्ण सभागृहात माझा मुद्दा नीट वाचलेला एकच माणूस होता, आणि तोच तो मोडून गेला होता.

त्या काळचा मी असतो तर म्हणालो असतो की १९५७ हा अपवाद आहे, कारण १९५८ मध्ये मोठे ‘ई’ अक्षर आणि कबुतर असे समान चित्र परत आले. आजचा मी त्याला विचारतो की परत येणे हाच निकष असेल, तर १९८४ चे काय? परिषदेच्या पंचविसाव्या वर्षी जॅकी लारिव्हिएर यांचा पूल सगळ्यांनी छापला होता. २००० मध्ये ताऱ्यांचा मनोरा रचणारी मुले आली. मालिकेच्या साठाव्या वर्षी, २०१६ मध्ये, करड्या जगावर हिरवा रंग फिरवणारा सायप्रसच्या डोक्सिया सर्गिदू यांचा हात आला. जुना मी यावर म्हणतो की हे वर्धापनदिन आहेत. लग्नाच्या वाढदिवशी एका ताटात जेवले म्हणजे रोज एकत्र जेवतात असे होत नाही. हे उत्तर मला आजही आवडते. २०२३ पाशी मात्र ते अडखळते.

२०२३ चा विषय शांततेचा होता आणि चित्र पुन्हा समान होते: लक्झेंबर्गमध्ये तयार झालेली, केल्टिक गाठीवरून सुचलेली एकमेकांत गुंफलेली आकृती. हे चित्र कसल्याही वर्धापनदिनासाठी नव्हते. युरोपातच युद्ध चालू होते. म्हणजे १९५६ मध्ये ज्या कारणासाठी हक्क बाजूला ठेवला गेला, असे मी सांगत फिरतो, जवळजवळ त्याच कारणासाठी तो पुन्हा बाजूला ठेवला गेला, आणि माझ्या संग्रहात त्याला जागा नाही. यावर मी स्वतःलाच असेही सांगून पाहिले आहे की १९५६ चे तिकीट भांडून उठलेल्यांनी काढले होते आणि २०२३ चे तिकीट भांडणाकडे पाहणाऱ्यांनी. पण युक्रेन या मालिकेचा सदस्य आहे, तेव्हा हा युक्तिवाद फार काळ तग धरत नाही.

तरीही १९७३ ची रेघ मी पुसलेली नाही. परीक्षकांचा सल्ला न्याय्य होता हे मान्य आहे, आणि १९५७ चे पान मी काढलेले नाही हेही खरे आहे. रेघ हलवायची तर कुठे न्यायची, याचे उत्तर मला सापडलेले नाही. १९८४ पर्यंत नेली तर मधली दहा वर्षे शिल्पे, डोंगर आणि थोर पुरुष सोबत घ्यावे लागतात, आणि आजपर्यंत आणली तर संग्रहाला मुद्दाच उरत नाही, फक्त जाडी उरते. तुमच्यापैकी कोणाला याहून बरी रेघ सुचली, तर जरूर सांगा, मी भांडेन पण ऐकेन. आणि पुढच्या वेळी हा प्रश्न घेऊन याल तेव्हा तुमच्याकडे सारलँडहून १९५७ किंवा १९५८ मध्ये खरोखर टपालातून गेलेला, युरोपा तिकीट लावलेला एखादा साधा व्यापारी लिफाफा असेल, तर तो आधी दाखवा. किमतीचे बोलणे आपण नंतर करू.