भूकंपासाठी गल्लीची बैठक

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या चौदा घरांतली माणसं आमच्याकडे जमली. चहा, चिवडा आणि एकच विषय : मोठा भूकंप झाला तर पहिल्या तासात कोणी काय करायचं.

अमेरिकेत सिएटलच्या परिसरात राहायचं तर हे टाळता येत नाही. इथल्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्राखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतोय. कॅस्केडिया म्हणतात त्या पट्ट्याला, लांबी साधारण हजार किलोमीटर. २६ जानेवारी १७०० रोजी तिथे ९ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. ही तारीख कळली ती जपानी दप्तरांमुळे : धक्का न जाणवताच किनाऱ्यावर त्सुनामी आल्याच्या नोंदी तिथे सापडल्या. इकडे कोपॅलिस नदीकाठी जमीन खचली, खारं पाणी मुळाशी शिरलं आणि मेलेल्या सीडरच्या झाडांचे राखाडी खुंट आजही उभे आहेत. मी ते पाहून आले, तेव्हापासून ही तारीख मला फार जुनी वाटत नाही.

पुन्हा तसं झालं तर पूल पडतील, रस्ते तुटतील. म्हणून दोन आठवड्यांचं अन्नपाणी घरात ठेवा, असं वॉशिंग्टन राज्य सांगतं. पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. चौघांचा हिशेब दोनशे लिटरच्या वर जातो.

पण सामान विकत आणता येतं. शेजाऱ्यांची माहिती आणता येत नाही, ती बसून विचारावी लागते. त्यासाठी इथे ‘मॅप युवर नेबरहुड’ नावाचा उपक्रम आहे. आम्ही मोठ्या कागदावर गल्ली काढली आणि प्रत्येक घराचा गॅस मीटर कुठे आहे ते मांडलं. गॅसचा वास आला तरच पान्याने झडप पाव फेरा फिरवायची, कारण पुन्हा चालू करायला गॅस कंपनीचाच माणूस लागतो. घरात येणारं पाणी मुख्य नळाशी लगेच बंद करायचं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीतलं चांगलं पाणी गढूळ होत नाही. आमच्या टाकीत दीडशे लिटर आहे आणि ती पट्ट्यांनी भिंतीला आवळलेली आहे. पलंगाखाली जाड बूट आणि हेल्मेट ठेवायचं. आग विझवायचं नळकांडं दारासमोर पदपथावर आणून ठेवायचं, ज्याला लागेल त्याने उचलावं. खिडकीत हिरवा कागद म्हणजे सगळे ठीक, लाल म्हणजे मदत हवी.

मग समोरच्या आजी म्हणाल्या, त्यांना रात्रभर ऑक्सिजनचं यंत्र लागतं आणि ते विजेवर चालतं. सहा वर्षं समोरासमोर राहतोय, मला माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या घरात निवृत्त नर्स राहतात, तिसऱ्या घरात जनरेटर आहे. आजींच्या दाराशी सगळ्यात आधी कोण जाणार, हे तिथेच ठरलं. ते काम मी घेतलं.

मी लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आठ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, सगळे दमून झोपले होते. पुढच्या कित्येक रात्री आम्ही मैदानात झोपलो. किल्लारी-सास्तूरकडून आलेली माणसं बाबांना सांगायची, दगडमातीच्या त्या जाड भिंतींखालून पहिल्यांदा ज्यांना बाहेर काढलं, त्यांना शेजाऱ्यांनीच हातांनी माती उपसून काढलं. बैठकीत हे सांगताना माझा आवाज कापला.

त्याच रात्री दादाला फोन केला. आई-बाबांच्या पलंगाच्या वर भिंतीतल्या फळीवर आमची तांब्याची घागर आणि दोन पितळी पातेली अजूनही होती. मी म्हटलं, दादा, आत्ताच उतरव. आणि शेजारच्या काकू हल्ली एकट्याच असतात ना, त्यांच्या घराची एक किल्ली आपल्याकडे मागून ठेव.

सकाळी त्याने फोटो पाठवला. घागर जमिनीवर होती आणि तिच्या गळ्यात काकूंची किल्ली अडकवलेली.