नाकाचं ऐकायचं नाही

आज नाट्टो खाल्ला आणि त्याची चव अजून जिभेवर आहे, तर झोपायच्या आधी डोक्यात जे चाललंय ते लिहून काढते. जपानचा पदार्थ, उकडलेलं सोयाबीन बॅसिलस सबटिलिस नावाच्या जिवाणूने आंबवायचं, बस एवढंच. पूर्वी ते भाताच्या पेंढ्यात गुंडाळून ठेवायचे कारण हा जिवाणू पेंढ्यावरच असतो, वेगळं काही घालावं लागत नसे. ढवळलं की तारा सुटतात आणि वास असा की पहिल्यांदा हात मागेच जातो. पण गरम भात, थोडी मोहरीची चटणी, सोया सॉस आणि कांद्याची पात घालून खाल्ला ना, तर चक्क आवडला! आणि जपानातही सगळ्यांना आवडतो असं नाही हं, पूर्वेकडे मितो वगैरे भागात जीव टाकतात त्यावर, आणि ओसाकाकडचे बरेच जण तोंड फिरवतात. मग आपल्याला पहिल्या घासाला जड गेलं तर त्यात एवढं काय.

माझं म्हणणं एवढंच आहे की असे पदार्थ पैज म्हणून खाऊ नयेत, ज्यांचे आहेत ते जसे खातात तसे खावेत. स्वीडनच्या सुरस्ट्रॉमिंगचे व्हिडिओ बघते तेव्हा खरंच वाईट वाटतं. बाल्टिक समुद्रातला हेरिंग मासा, सडणार नाही इतपतच मीठ लावून आंबवलेला, डब्यातही आंबणं चालूच राहतं म्हणून डबा फुगतो. लोक बंद खोलीत डबा फोडतात, अख्खा मासा तसाच तोंडात घालतात, ओकाऱ्या काढतात आणि तेवढंच लाखो लोक बघतात. स्वीडनमध्ये तो उघड्यावर फोडतात आणि पातळ ब्रेडवर बटाटा, कांदा यांच्यासोबत थोडा थोडा खातात. नुसतं मीठ चमचाभर खाल्लं तर तेही कोणाला गोड लागणार आहे?

आइसलँडच्या हाकार्लबद्दल वाचल्यापासून तर माझ्या मनात त्या लोकांबद्दल फार आदर आहे. ग्रीनलँड शार्कचं ताजं मांस विषारी असतं, त्यात युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड खूप. मग ते वाळू-खडीत पुरून वरून दगड ठेवायचे, आतलं पाणी निघून जाऊ द्यायचं आणि नंतर काही महिने वाऱ्यावर टांगून वाळवायचं. अमोनियाचा वास त्यातूनच येतो. जिथे खायला फारसं काही उगवत नाही तिथे विषारी मासासुद्धा पोटात घालता येईल असा करून घेतला त्यांनी, ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि आपण त्याला "शी" म्हणून मोकळे होतो.

वासाचं मात्र मला खरंच नवल वाटतं. 2001 मध्ये रेचल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी एक प्रयोग केला होता, एकच वास लोकांना कधी पार्मेझान चीज म्हणून दिला तर कधी उलटी म्हणून, आणि नुसत्या नावाने लोकांचं मत पार बदललं! शिवाय घास चावताना वास घशाकडून, मागच्या बाजूने नाकात जातो आणि तो बाहेरून हुंगलेल्या वासापेक्षा वेगळाच लागतो. ड्युरियन या फळाचं बघा, सिंगापूरच्या मेट्रोत न्यायला मनाई आहे इतका उग्र वास, आणि गर मात्र गोड, मऊ, कस्टर्डसारखा. त्यामुळे दाराशीच नाकाचं ऐकून परत फिरायचं नाही असं मी ठरवलंय.

अर्थात सगळंच खाईन असंही नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं कासू मार्झू नावाचं चीज, ज्यात चीजमाशीच्या जिवंत अळ्या वळवळत असतात, ते इटलीत विकायलाच कायद्याने बंदी आहे, ते नको.

पण किडे खायचे आहेत! संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2013 च्या अहवालात लिहिलं होतं की जगात साधारण 2 अब्ज लोकांच्या जेवणात किडे असतात, म्हणजे विचित्र कोण हा प्रश्नच आहे. मेक्सिकोत ओआहाकाचे चापुलिनेस, म्हणजे लसूण, लिंबू, मीठ लावून भाजलेले नाकतोडे, ते माझ्या यादीत सगळ्यात वर आहेत. ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र लांबच राहावं, किड्यांमध्येही तसंच प्रोटीन असतं आणि त्रास होऊ शकतो. मला तसली ॲलर्जी नाही, तेव्हा टॉर्टियात घालून, वरून अजून थोडं लिंबू पिळून, नीट बसून खाणार.