काठपदरावरचं कार्डिगन

डिसेंबरातलं रिसेप्शन, तेही उघड्या लॉनवर. आठ वाजले की काठपदरांवर शाली येतात आणि एका हातात ताट आलं की त्या घसरू लागतात. अशा वेळी कार्डिगन बरं. पण कपाटातलं लोकरीचं नको, त्याच्या सैल विणीत जरीचा काठ अडकतो आणि पदराची पिन तर हमखास. घट्ट विणीचं, जरा जाडसर निटेड कापड घ्यावं आणि घरीच शिवावं. दुकानात ‘पॉन्टे’ म्हणून मिळतं ते यासाठी सगळ्यात शहाणं. ताणलं तरी जागेवर परत येतं, आणि कापल्यावर कड गुंडाळत नाही. साधं जर्सी कापड स्वस्त पडतं खरं, पण त्याची कड कात्रीच्या मागोमाग वळत जाते.

५८ इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटर पुरतं. आधी भिजवून सपाट पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलं तर पाण्याच्या वजनाने लांबतं. बेततानाही कापड टेबलाखाली लोंबू देऊ नये. लोंबत्या वजनाने ताणलेलं कापलं की तुकडा नंतर आखडतो, आणि दोष मात्र मापाला दिला जातो. आत ब्लाउज असणार, म्हणून दंडघेराला दीड सेंटिमीटर जास्त. डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या येतात, त्यामुळे खांदाही अंगाबरोबर बेतायचा नाही.

सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, पॉन्टेला १४ नंबर. नेहमीची टोकदार सुई विणीतला धागा तोडते, आणि ते बारीक भोक पहिल्या धुण्यात मोठं होतं. टाका अगदी अरुंद झिगझॅग, दोरा पॉलिस्टरचा. घरी सरळ टाक्याचंच मशीन असेल तर शिवताना कापड पुढून-मागून किंचित ताणत न्यावं. खांद्याच्या शिवणीत मात्र सुती टेप घालायचीच. सगळ्या कपड्याचं वजन तिथे लटकतं; टेप नसेल तर दोन-चार वापरांत खांदा दंडावर उतरतो. बाही मुंढ्याला सपाटच जोडावी, मग बाहीची आणि कुशीची शिवण एका दमात.

खरी परीक्षा पुढच्या पट्टीची. कार्डिगन समारंभाचं दिसतं की घरातलं, ते हीच ठरवते. पट्टी कडेच्या मापाची कापली तर गळ्याशी लाटा येतात, फार आखूड कापली तर पुढची टोकं वर उचलली जातात. समजा, खालपासून छातीपर्यंतची सरळ कड ३८ सेंटिमीटर आहे. तिथे पट्टीही ३८च. छातीपासून खांद्यापर्यंतची तिरपी कड २६, तिथे पट्टी २५. मागचा गळा १८, तिथे १६. दोन्ही बाजू धरून १४२, टोकांना शिवणीसाठी सोडायची माया मिळवून १४४. रुंदी ८, म्हणजे शिवणीची माया जाऊन, दुमडून तयार पट्टी ३ सेंटिमीटरची. ५८ इंच पन्ह्यातून आडवी कापली तर ती जेमतेम अखंड निघते. कापडाच्या किनारीवर भोकं असतील तर तेवढा भाग सोडावा लागतो आणि पट्टी अपुरी पडते; मग जोड मागच्या गळ्याच्या मधोमध द्यावा. हे टप्पे पट्टीवर आणि कडेवर खडूने आखून आधी टाचण्या लावायच्या. ताणायची ती फक्त पट्टी, खालचं कापड नाही. एवढं करूनही बारीक लाट राहिलीच, तर वाफेची इस्त्री उचलून-ठेवून दाबावी. घासली की लाट वाढते.

बटणं नकोतच. उघडं राहिलं तर साडीचा काठ दिसतो, आणि हेच कार्डिगन पुढे जीन्सवरही चालतं. छातीशी आतून एक हूक पुरे. ब्रोच लावायचा असेल तर त्या जागी आतून चिकट कॅनव्हासचा चौकोन इस्त्रीने बसवावा, नाहीतर ब्रोचच्या वजनाने तिथलं कापड ओघळतं. टिकल्यांचं काम तर अजिबात नको, खाली पैठणी असताना कार्डिगनने कशाला चमकायचं? रंग गडद वाईन किंवा काळा. आणि घरी आल्यावर हँगरला न लावता घडी घालून ठेवायचं, टांगलं की खांद्यांना शिंगं फुटतात.